हरणाच्या शिकारीसाठी पहिली रायफल: भाचीला जे सांगितलं ते

मे महिन्यातला रविवार. नागपूरच्या बजाजनगरात रात्रीचे साडेआठ, तिकडे अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या मॅडिसनला सकाळचे दहा. भाचीचा फोन आला. कूलरच्या आवाजात काही ऐकू येईना म्हणून तो बंद केला, घाम पुसत बसलो, आणि ती म्हणाली, "मामा, नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जायचं ठरवलंय. पहिली रायफल कोणती घेऊ?"

तिला त्या दिवशी दीड तास आणि पुढे कितीतरी रविवार जे सांगत राहिलो, ते इथे लिहितो आहे. विदर्भातली किती मुलं आज विस्कॉन्सिन, मिनेसोटा, टेक्ससला आहेत. ऑफिसातले सहकारी शिकारीला निघतात, सोबत चल म्हणतात, आणि आपल्या घरात बंदूक कोणी पाहिलेली नसल्यामुळे विचारायला माणूस नसतो. मी इथल्या व्हीआरसीईचा मेकॅनिकलचा विद्यार्थी. १९९५ मध्ये विस्कॉन्सिनच्या ॲपलटनला कागदाच्या मशीनवर काम करायला गेलो, आणि परत येईपर्यंत सोळा हंगाम त्या जंगलांत हरणामागे गेलो.

एक गोष्ट आधीच. हे सगळं तिकडचं आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे आणि ती बंदच असायला हवी. पेंच, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबाचं चितळ हे वाघाचं अन्न आहे. विस्कॉन्सिनच्या शेतीपट्ट्यात वाघासारखं कोणी नाही. पांढऱ्या शेपटीची हरणं वाढत जातात, मक्याची शेतं खातात, रस्त्यावर गाड्यांखाली येतात. तिथे शिकार हा हरणांची संख्या राखण्याचा सरकारी मार्ग आहे. १९३७ पासून तिथे रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे आणि तो पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो. परवान्याची फीही तशीच. त्या व्यवस्थेत नियमानं भाग घ्यायचा असेल, तरच पुढचं वाचा.

दुकानात जाण्याआधी

भाचीकडे ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे तिचा प्रश्न सोपा होता. तुम्ही एच-१बी किंवा एफ-१ वर असाल तर नीट ऐका. बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला अमेरिकेच्या संघीय कायद्यानं मनाई आहे. त्यात एक सूट आहे: कोणत्याही राज्याचा चालू शिकार परवाना तुमच्या नावावर असेल तर ती मनाई लागू होत नाही. म्हणून परवाना आधी, रायफल नंतर. मित्राची रायफल नेमबाजीच्या रेंजवर दोन गोळ्यांपुरती हातात घेणंसुद्धा 'बाळगणं' ठरू शकतं. एका चुकीनं व्हिसा जाईल, नोकरी जाईल. राज्याराज्यांचे आणखी वेगळे नियम असतात, तेही बघा.

विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकार परवान्यासाठी सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. भाचीनं ते जूनमध्ये केलं. हा कोर्स औपचारिकता समजून उरकू नका. नळी कुठे रोखलेली आहे याचं सतत भान ठेवणं, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवणं, हरणाच्या मागे काय आहे ते आधी पाहणं, या सवयी तिथे लागतात. रायफलची गोळी चुकली तर चार-पाच किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. आपल्या डोळ्याला त्यातलं दीडशे मीटरही धड दिसत नाही.

तिसरी चौकशी, तुमच्या राज्यात कोणतं काडतूस चालतं याची. विस्कॉन्सिनमध्ये हरणासाठी नेहमीची रायफल चालते. ओहायो आणि आयोवात बंदुकीच्या मुख्य हंगामात बाटलीसारखी मान आवळलेली काडतुसं चालत नाहीत, सरळ नळकांड्यासारखी लागतात. तिथे लोक .३५० लेजंड किंवा .४५० बुशमास्टर घेतात. तुम्ही तिथले असाल तर खालचा काडतुसांचा भाग तुम्हाला तसाच्या तसा लागू नाही. बाकी सगळं लागू आहे.

माझी पहिली रायफल

मी पहिली रायफल चुकीची घेतली. त्या चुकीची किंमत एका हरणीनं मोजली.

२००१ चं साल. दुकानातल्या माणसानं सांगितलं, मोठं घे, म्हणजे पुढे एल्क या भल्यामोठ्या हरणालाही चालेल, पुन्हा पुन्हा घ्यावं लागणार नाही. एकदाच चांगलं घ्यावं, हे आपल्या घरातलं शिक्षण. मी .३०० विंचेस्टर मॅग्नम घेतली. रेंजवर पंधरा गोळ्या झाडल्या, खांदा निळा झाला, आणि सवय होईल असं म्हणून घरी आलो. सवय झाली, पण भलतीच. चाप ओढायच्या आधी माझं शरीर धक्क्याची वाट बघून आखडायला लागलं, डोळे मिटायला लागले. मला स्वतःला ते कळलंच नाही. ते करणाऱ्याला कळत नसतं, हीच त्यातली खोड आहे.

हंगामाच्या दुसऱ्या दिवशी, साधारण १४० यार्डांवर, बर्फात एक मादी आडवी उभी राहिली. नेम बरोबर छातीवर होता. गोळी पोटात बसली. ती पाठ वाकवून झाडीत गेली.

माझ्यासोबत शेजारचे वृद्ध गृहस्थ होते, आयुष्यभर गाई सांभाळलेले शेतकरी. ते म्हणाले, आत्ता मागे जायचं नाही, पोटात लागलेलं जनावर दामटलं तर मैलोन्‌मैल जातं, बसू दे तिला. अंधार पडला. रात्रभर मला झोप नाही. सकाळी रक्ताच्या थेंबांमागे जाऊन अर्ध्या मैलावर ती सापडली. कोल्ह्यासारखे कोयोटी आधीच पोचले होते. शेजारी मला एक शब्दही बोलले नाहीत. टोपी काढून दोन मिनिटं उभे राहिले, मग म्हणाले, शनिवारी रेंजवर ये.

शनिवारी त्यांनी जे केलं ते मी भाचीला पहिल्याच दिवशी करायला लावलं, आणि तुम्हीही करा. रायफल त्यांनी भरायची, मी बघायचं नाही. कधी खरं काडतूस, कधी नुसतं बनावट, सरावाचं. मी नेम धरायचा, चाप ओढायचा. बनावट काडतुसाला चाप 'टिक' वाजला की धक्का नाही, आवाज नाही. तरी माझ्या रायफलची नळी दोन इंच खाली डुबत होती. प्रत्येक वेळी. डुबणारी नळी मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली तेव्हा ती हरीण कशी जखमी झाली ते समजलं. मग त्यांनी त्यांची .२४३, म्हणजे बऱ्याच कमी धक्क्याची रायफल, माझ्या हातात दिली. तासाभरानंतर नळी स्थिर राहायला लागली. ती .३०० मी त्याच महिन्यात विकली.

काडतूस

म्हणून भाचीला मी कंपनी किंवा मॉडेल सांगण्याआधी काडतूस सांगितलं. पांढऱ्या शेपटीचं हरीण हे पातळ कातडीचं, फार मोठं नसलेलं जनावर. मोठा नर शंभर किलोच्या आसपास, मादी त्याहून बरीच हलकी. त्याच्या छातीत हृदय आणि फुप्फुसांचा जो भाग आहे तो साधारण ८ इंच रुंद. क्रिकेटच्या तीन स्टंपांची रुंदी ९ इंच असते, म्हणजे त्याहून किंचित कमी. गोळी त्या ८ इंचांत गेली तर मध्यम ताकदीचं काडतूसही हरणाला काही सेकंदांत पाडतं. त्याबाहेर गेली तर जगातलं कोणतंही काडतूस ती चूक भरून काढत नाही.

धक्क्याचे आकडे बघा. स्कोपसकट, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीसकट, ८ पौंडांच्या (३.६ किलोच्या) रायफलीत .२४३ विंचेस्टरचा धक्का साधारण ९ फूट-पौंड (हे धक्क्याच्या ऊर्जेचं माप). ६.५ क्रीडमूर आणि ७ एमएम-०८ रेमिंग्टनचा १२ ते १४. .३०८ विंचेस्टरचा १६ ते १८. .३०-०६ चा २० च्या आसपास. माझी ती .३०० मॅग्नम २५ च्या वर. बहुतेक नवख्यांना १५ पर्यंतचा धक्का न आखडता सोसतो. त्यापुढे सराव आणि अंगकाठी दोन्ही लागतात.

भाचीला मी ७ एमएम-०८ सुचवलं. १९८० पासूनचं हे काडतूस, .३०८ ची मान आवळून केलेलं. १४० ग्रेनची, म्हणजे ९ ग्रॅमची गोळी हरणाला भरपूर होते आणि खांद्याला दुखत नाही. शेवटी तिनं ६.५ क्रीडमूर घेतलं, कारण तिच्या जवळच्या दुकानात ते कायम मिळतं आणि ७ एमएम-०८ मागवावं लागतं. तिचा निर्णय बरोबर होता. मिळत नाही त्या काडतुसाचा सराव होत नाही. .२४३ ही १९५५ पासून घराघरांतून मुलांना शिकवणारी रायफल आहे. तिचा धक्का सगळ्यात कमी, पण गोळी हलकी असल्यामुळे ती हाडात गेली तर चुकीला जागा कमी राहते. म्हणून ९५-१०० ग्रेनचीच गोळी घ्या आणि खांद्याच्या हाडाच्या मागेच नेम धरा. .३०८ हे १९५२ पासूनचं, सगळीकडे मिळणारं. तुम्ही सहा फुटी, भरल्या अंगाचे असाल तर खुशाल घ्या. .३०-०६ तर १९०६ पासून आहे, उत्तम आहे, पण पहिल्या रायफलीसाठी मी सांगणार नाही.

आणि "पुढे एल्कलाही चालेल" असं कोणी म्हणालं, तर नमस्कार करून पुढच्या काउंटरवर जा. एल्कला जाल तेव्हा एल्कची रायफल घ्या.

अंगावर बसते का

भाची पाच फूट एक इंचाची आहे. दुकानातली बहुतेक रायफल पाच फूट दहाच्या पुरुषासाठी कापलेली असते. दस्त्याच्या मागच्या टोकापासून चापापर्यंतचं अंतर साधारण साडेतेरा-पावणेचौदा इंच. ते तिला लांब पडतं. मग ती मान पुढे काढते, डोळा स्कोपच्या मागे नीट येत नाही, आणि दस्ता खांद्याच्या खळगीऐवजी दंडावर बसतो. दंडावर बसलेली हलकी रायफलसुद्धा लागते.

मी तिला फोनवरच शिंप्याची टेप आणायला लावली. कोपर काटकोनात वाकवायचा आणि कोपराच्या आतल्या घडीपासून तर्जनीच्या पहिल्या पेराच्या मध्यापर्यंत मोजायचं. तिचं आलं साडेबारा. हे माप ढोबळ आहे, पण दुकानात कुठून सुरुवात करायची ते कळतं. रुगर अमेरिकन आणि टिक्का टी३एक्स, दोन्ही साडेबारा इंचांच्या छोट्या दस्त्यात मिळतात. सॅव्हेज ११० च्या काही मॉडेलमध्ये दस्त्यामागे पट्ट्या घालून लांबी कमी-जास्त करता येते आणि गालाचा आधारही उंच करता येतो. हिवाळ्यात जाड जाकीट चढतं, म्हणून ते घालूनच मापून पाहा. जुलैत टी-शर्टवर बरोबर बसलेली रायफल नोव्हेंबरात अर्धा इंच लांब होते.

दुकानात एक परीक्षा करा. रायफल रिकामी आहे हे दुकानदाराकडून दाखवून घ्या, स्वतः बघा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा. डोळे मिटा. रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, आरामात. मग डोळे उघडा. स्कोपमध्ये पूर्ण गोल चित्र दिसलं, कडेला काळी सावली नाही, तर ती तुमची. मान हलवावी लागली तर ती तुमची नाही, कितीही देखणी असो.

डोळ्याची बाजूही तपासा. दोन्ही हातांनी छोटा त्रिकोण करून त्यातून दूरचं घड्याळ बघा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्यानं घड्याळ त्रिकोणात राहतं तो तुमचा मुख्य डोळा. उजवा हात आणि डावा डोळा असेल तर आधी प्रशिक्षकाला विचारा. डाव्या खांद्यावरून शिकणं नवख्याला फार अवघड नाही, आणि डाव्या हाताच्या रायफली मिळतात.

वजनाबद्दल दुकानदार सांगेल, हलकी घ्या, जंगलात वाहून न्यायला बरी. हे अर्धं खरं आहे. गोळी पुढे जाते तितक्याच संवेगानं रायफल मागे येते, आणि रायफल हलकी असेल तर ती जास्त वेगानं येते. हे आपण अकरावीत शिकलो. भाचीच्या छोट्या रायफलीचं वजन स्कोपसकट ३.२ किलोच्या आत बाहेर आहे. याहून हलकी नको. नळीच्या तोंडाला भोकं पाडलेला ब्रेक लावून धक्का कमी होतो, पण आवाज कानात सुऱ्यासारखा घुसतो. साध्या रायफलचाच आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो, आणि १४० नंतर एकाच आवाजानं कान कायमचा बिघडू शकतो. माझ्या डाव्या कानात आजही शिट्टी वाजते, कारण पहिली दोन वर्षं मी जंगलात कानाला काही लावत नव्हतो. रेंजवर आणि जंगलातही कान झाका.

रायफल, चाप, जुनी घेणं

बोल्ट ॲक्शन घ्या. एक गोळी, मग हातानं बोल्ट, म्हणजे नळीमागचा दांडा, मागे-पुढे, मग दुसरी. साधी, अचूक, आणि बोल्ट मागे ओढला की भरलेली आहे की नाही ते डोळ्यांनी दिसतं. रुगर अमेरिकन, सॅव्हेज ॲक्सिस किंवा ११०, मॉसबर्ग पेट्रियट, होवा १५००, टिक्का. यांतली कोणतीही तुमच्यापेक्षा जास्त अचूक आहे. मी हे मनापासून सांगतो: यांतला फरक तुम्हाला पहिली पाच वर्षं कळणार नाही. अंगावर बसते ती घ्या.

चाप मात्र ओढून पाहा. रिकाम्या रायफलवर, परवानगी घेऊन. तीन पौंडांच्या आसपास, स्वच्छ, काच तुटल्यासारखा सुटणारा हवा. सहा-सात पौंडांचा, वाळूत ओढल्यासारखा असेल तर नवख्याचा नेम तिथेच हलतो.

जुनी रायफल घ्यायला हरकत नाही. घरातल्या जुन्या भांड्यांसारखी ती टिकते. नळीत प्रकाश टाकून बघा, आतले पिळदार चर धारदार दिसायला हवेत, काळे खड्डे नकोत. नळीच्या तोंडाच्या कडेला ठोकर नको. स्क्रूंची डोकी चेमटलेली असतील तर कोणीतरी अनाडी हात फिरवला आहे. आणि पहिली गोळी झाडण्याआधी बंदूक-दुरुस्तीवाल्याकडून एकदा तपासून घ्या, विशेषतः काडतूस बसायची जागा.

स्कोप, आणि त्याचे स्क्रू

३-९x४० (३ ते ९ पट मोठं दाखवणारा, पुढची काच ४० मिलिमीटरची) किंवा २-७x३३. याच्यापुढे जायची गरज नाही. माझी बहुतेक हरणं ८० यार्डांच्या आत मिळाली, आणि तेव्हा स्कोप ३ वर होता. मोठा आकडा लावून बसलं की पुढ्यात आलेलं हरीण नुसती तपकिरी केसाळ भिंत दिसतं. पैसे काचेच्या स्वच्छतेसाठी द्या, आकड्यासाठी नको. हरणं पहाटे आणि सांजेला हलतात, त्या उजेडात काच कळते. दुकानाबाहेर, संध्याकाळी, झाडाच्या सावलीकडे बघून तपासा. डोळा आणि स्कोपमध्ये साडेतीन इंच तरी अंतर राहायला हवं, नाहीतर धक्क्यानं भुवई फुटते.

आता माझ्या कामाचा भाग. कागदाच्या मशीनवर मी पंधरा वर्षं रोलर सरळ रेषेत बसवले. तिथे एक बोल्ट जास्त आवळला गेला की शंभर फुटांवर कागद फाटतो. रायफलचंही तसंच आहे. "रायफल नेम धरत नाही" म्हणून लोक माझ्याकडे जेवढ्या रायफली घेऊन आले, त्यातल्या बहुतेकांचे स्कोप धरणारे स्क्रू ढिले होते. आधी स्क्रूची आटी स्पिरिटनं पुसून तेल काढा. टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, दाखवणारा स्क्रूड्रायव्हर घ्या, तीस-चाळीस डॉलरला मिळतो, आणि स्कोपच्या कागदावर लिहिलेला आकडाच लावा. कड्यांचे स्क्रू एकदम एकेक करून पूर्ण आवळू नका. तिरक्या जोडीनं, थोडे थोडे, चारचाकीच्या चाकाचे नट आवळतात तसे. स्कोपची आडवी रेघ रायफलशी समांतर आहे ते छोट्या पातळीयंत्रानं बघा. भाचीनं हे सगळं तिच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर केलं, फोन डब्याला टेकवून, आणि मी इथून बघत होतो. दोन तास लागले. त्या रायफलचा स्कोप आजवर हललेला नाही.

काडतुसांचा डबा

नळीवर कोरलेलं नाव आणि काडतुसाच्या बुडावरचं नाव अक्षरशः एक हवं. जवळपासचं चालत नाही.

पूर्ण धातूनं मढवलेली स्वस्त गोळी शिकारीला घेऊ नका. ती पसरत नाही, आरपार जाते आणि जनावर दूर जाऊन मरतं. अनेक राज्यांत ती शिकारीला बेकायदाच आहे. पसरणारी गोळी घ्या. शिसं की तांबं, हा विचार मात्र घरच्यांसाठी करा. शिशाची गोळी आत फुटते आणि तिचे डोळ्याला न दिसणारे कण जखमेपासून कितीतरी इंच लांब मांसात जातात. पूर्ण तांब्याची गोळी फुलासारखी उमलते पण एकसंध राहते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी बंदच आहे. भाचीच्या घरात चार वर्षांचा मुलगा आहे, म्हणून मी तिला तांबं सांगितलं. डबा थोडा महाग पडतो. ते हरीण घरात सावजी मसाल्यात शिजणार आहे आणि तो मुलगा ते खाणार आहे, तर तिथे पैसे वाचवायचे नाहीत.

रायफलला जे काडतूस मानवेल त्याचे पाच-सहा डबे एकदम घ्या आणि हंगाम संपेपर्यंत बदलू नका. दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या वजनाची गोळी त्याच नेमावर दोन-तीन इंच इकडे-तिकडे जाते.

नेम बसवणं

पहिल्यांदा २५ यार्डांवर. शंभरावर सुरुवात केली तर गोळी कागदावरच लागत नाही आणि डबा संपतो. पुढचा आधार आणि मागे वाळूची पिशवी, तीन गोळ्या, तिन्हींचा मध्य काढा. बहुतेक स्कोपांचा एक क्लिक १०० यार्डांवर पाव इंच सरकवतो, म्हणजे २५ यार्डांवर इंचाचा सोळावा भाग. दोन इंच सरकवायचं तर २५ वर ३२ क्लिक, १०० वर ८. हा हिशोब कागदावर लिहून न्या, रेंजवर डोकं चालत नाही.

मग १०० यार्डांवर जा. मध्यापासून दीड-पावणेदोन इंच वर लागेल असं बसवा. ६.५ क्रीडमूर मग २०० यार्डांवर बरोबर नेमावर येते आणि तोवर कुठेच ८ इंचांच्या बाहेर जात नाही. वर-खाली मोजायची गरज राहत नाही. शिकारीच्या रायफलची नळी पातळ असते, तीन गोळ्यांनंतर ती थंड होऊ द्या. गरम नळीनं बसवलेला नेम नोव्हेंबरच्या गारठ्यातल्या पहिल्या गोळीला खोटा ठरतो, आणि हरणावर तुम्ही नेहमी पहिलीच गोळी झाडता.

टेबलावरून उठा

बहुतेक लोक इथे थांबतात. टेबलावर बसून इंचभरात तीन गोळ्या लागल्या की झालं, असं त्यांना वाटतं. जंगलात टेबल नसतं. गुडघ्यावर, झाडाला टेकून, काठीवर, मांडी घालून, थंडीनं हात कापताना गोळी झाडावी लागते.

भाची गेल्या डिसेंबरात नागपूरला आली होती, तेव्हा मी तिला इथल्या रेंजवर १० मीटरच्या एअर रायफलवर बसवलं होतं. .१७७ ची, २० जूलच्या आतली एअर रायफल आपल्याकडे परवान्याशिवाय घेता येते, आणि चाप कसा दाबायचा, श्वास कुठे धरायचा हे शिकायला तिच्यासारखं साधन नाही. श्वास अर्धा सोडून थांबायचं, चापावरचा दाब हळूहळू वाढवायचा, सुटेल तेव्हा सुटेल. गोळी सुटल्यावरही दोन सेकंद स्कोपमधून बघत राहायचं. मॅडिसनला ती रोज रात्री दहा मिनिटं रिकाम्या रायफलवर हेच करते, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. रायफल तिजोरीत, काडतुसं वेगळी, किल्ली तिच्याचकडे. चार वर्षांचं मूल घरात असताना याला दुसरा पर्याय नाही.

ऑगस्टपासून तिला नवं काम दिलं. आठ इंचांची कागदी प्लेट लावायची, आणि जंगलात मिळेल त्याच आसनातून पाच गोळ्या. पाचही प्लेटमध्ये लागल्या तर दहा यार्ड मागे. एक जरी बाहेर गेली तर तिथेच थांबायचं, आणि ते अंतर तुझं नाही असं समजायचं. मध्येच एक काडतूस बनावट, नवऱ्यानं भरलेलं.

पन्नास, साठ, सत्तर झाले. ऐंशीवर महिनाभर अडली, मांडी घालून बसायची पद्धत बदलली तेव्हा पुढे गेली. ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी फोन आला, इथे दिवाळीच्या फराळाची तयारी चालली होती. म्हणाली, मामा, १२० वर एक गेली बाहेर, ११० वर पाचही आत, आणि बनावट काडतुसाला नळी हलली नाही.

११० यार्ड म्हणजे क्रिकेटच्या बरोबर पाच खेळपट्ट्या. मी तिला पांढरी चिकटपट्टी घेऊन त्यावर ठळक अक्षरात ११० लिहायला आणि दस्त्यावर, गालाच्या पुढे, डोळ्याला दिसेल असं चिकटवायला सांगितलं.